गणित सोडलेल्या सुमीला

सुमे, तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. मागं एसटीचा हॉर्न आणि कंडक्टरचं "परतूर, परतूर" चालू होतं, त्यामुळं अर्धं कळलं नाही, पण मुद्दा पोचला. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला सरांनी ऑपरेशन्स रिसर्च थोडं शिकवलं, ते तुला गोड लागलं, त्यात चांगल्या नोकऱ्या असतात असं कळलं, आणि लगोलग कुणीतरी तुला गार केलं की हे आयआयटीवाल्यांचं काम, अकरावीला गणित सोडून एस.पी. (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) घेतलेल्यांचं नव्हे. आणि तू विचारतेस, "अक्का, खरं सांग, मला जमंल का?"

खरं सांगते. जमेल. पण गणित टाळून जमणार नाही, हेही आत्ताच ऐकून ठेव. मोबाइलवर तुला हल्ली जाहिराती दिसत असतील, "गणिताची गरज नाही, सहा महिन्यांत पॅकेज". त्यांच्या नादी लागू नकोस, आणि बाबांच्या कापसाच्या पट्टीतून तर अशा क्लासला एक रुपया देऊ नकोस. दुसरीकडं ते "गणित रक्तातच असावं लागतं" म्हणणारे. त्यांचंही मनावर घेऊ नकोस. तुझं गणित कच्चं नाही, ते दहावीनंतर थांबलंय. थांबलं तिथून पुढं न्यायचं, एवढंच काम आहे. सोपं नाही, पण अवघडही लोक म्हणतात तेवढं नाही.

आधी हे काम असतं काय ते बघ. मी चाकणला ज्या प्लॅनिंग विभागात बसते तिथं दिवसभर तीनच गोष्टी चालतात. काय ठरवायचं आपल्या हातात आहे, हात कशानं बांधलेत, आणि चांगलं झालं असं कशावरून म्हणायचं. या तिन्हींची उत्तरं नीट कागदावर आली की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं गणित आणि कॉम्प्युटर करतात. पहिलं निम्मं पुस्तकात शिकवत नाहीत, आणि ते तुला येतं. बाबा मृगात ओट्यावर बसून कापूस किती एकर, सोयाबीन किती एकर असा जो घोळ घालतात, तो ऐकत तू मोठी झालीस.

तोच घोळ कागदावर मांडू. आकडे मी सोयीचे घेतेय, भांडू नकोस. समज ८ एकर रान आहे. कापसाला एकरी २५ हजार खर्च, सोयाबीनला १५ हजार, आणि हातात सगळे मिळून १ लाख ६० हजार. मजूर कापसाला एकरी ४० दिवस लागतात, सोयाबीनला १५, आणि हंगामभरात २५० दिवसांपेक्षा जास्त मजूर मिळत नाही. खर्च वजा जाता कापूस एकरी ३० हजार ठेवतो, सोयाबीन २० हजार. किती एकर काय लावायचं?

कापसाचे एकर क, सोयाबीनचे स. क आणि स मिळून ८ च्या आत. २५ क अधिक १५ स मिळून १६० च्या आत. ४० क अधिक १५ स मिळून २५० च्या आत. आणि ३० क अधिक २० स जेवढं मोठं होईल तेवढं करायचं. झालं, हे रेषीय प्रोग्रॅमिंग. आलेख कागदावर तीन रेघा मार. मधे जो तुकडा उरतो त्याच्या आत सगळे चालणारे बेत आहेत, आणि सगळ्यात चांगला बेत त्या तुकड्याच्या एखाद्या कोपऱ्यावरच सापडतो. रानाची रेघ आणि पैशाची रेघ जिथं छेदतात तिथं ४ एकर कापूस, ४ एकर सोयाबीन येतं, नफा २ लाख. सगळा कापूस लावायचा म्हटलं तर पैसे आणि मजूर अडवतात, सव्वासहा एकरांवरच थांबावं लागतं, नफा १ लाख ८७ हजार ५००. दोन रेघा कुठं छेदतात ते काढणं म्हणजे दहावीच्या बीजगणितातला पहिला धडा, दोन चलांतली रेषीय समीकरणं. तो तू पास झालीयस.

आता यातली खरी मजा. शेजारचं एक एकर कुणी ठोक्यानं द्यायला तयार आहे. किती पैसे द्यावेत? आठाच्या जागी नऊ घाल आणि पुन्हा सोडव. कापूस अडीच एकर, सोयाबीन साडेसहा, नफा २ लाख ५ हजार. म्हणजे त्या एकरानं तुझ्या पदरात ५ हजारच जास्त पडले. ठोका ५ हजारांच्या वर असेल तर हात जोडून घरी यायचं. आणि मजूर? ४ आणि ४ च्या बेतात मजुरीचे २२० दिवसच लागतात, ३० शिल्लक. म्हणजे आणखी मजूर आणायला कुणाला गाडीभाडं देऊन पाठवायची गरज नाही. एखादी गोष्ट एकानं वाढवली तर नफा कितीनं वाढतो, याला आमच्याकडं शॅडो प्राइस म्हणतात. माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत कामाची गोष्ट हीच, आणि मुलं परीक्षेला नेमकी हीच सोडून सिम्प्लेक्स या सोडवायच्या रीतीचे तक्ते घोकतात. साहेब लोक मीटिंगमध्ये "उत्तर काय आलं" एवढं विचारून थांबत नाहीत. "अजून एक मशीन घेतलं तर काय फरक पडेल" हे विचारतात. ज्याला ते सांगता येतं त्याचं ऐकतात.

तू घाबरतेस ती चिन्हं बघून. अक्षराच्या पायाशी छोटे आकडे, मोठा ग्रीक सिग्मा, खाली-वर काहीतरी लिहिलेलं. मीही तिथंच अडून बसायचे. तर सिग्मा म्हणजे "सगळ्यांची बेरीज कर" एवढाच हुकूम. आणि पायाशी दोन छोटी अक्षरं असली तर पहिलं "कुठून" आणि दुसरं "कुठं". तिसऱ्या गोडाऊनमधून सातव्या दुकानाला किती पोती, हे दर वेळी एवढं लांब लिहायचा कंटाळा म्हणून ते तसं लिहितात. वहीत डाव्या पानावर चिन्हांचं वाक्य आणि उजव्या पानावर तेच साध्या मराठीत, असं रोज थोडं लिहीत जा. काही दिवसांनी उजवं पान लागेनासं होतं.

आता वाचायचं काय. हसू नकोस, बारावी कॉमर्सचं गणित-संख्याशास्त्राचं दुसऱ्या भागाचं पुस्तक घे, तू एस.पी. घेऊन टाळलंस तेच. बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. त्यात रेषीय प्रोग्रॅमिंग आहे, असाइनमेंट प्रॉब्लेम आणि सिक्वेन्सिंग आहे, टाइम सिरीज आहे, रिग्रेशन आहे, संभाव्यता वितरण आहे. म्हणजे ऑपरेशन्स रिसर्चचा अर्धा पाया आपल्या बोर्डानं कॉमर्सच्या पोरांना बारावीलाच देऊन ठेवलाय, आणि आपण स्कोअरिंग म्हणून एस.पी. घेतो. सिक्वेन्सिंगमधला जॉन्सनचा नियम बघ, १९५४ चा आहे. दहा ब्लाउज आधी कापायचे मग शिवायचे, कापणारी एक, शिवणारी एक, प्रत्येकाला वेळ वेगळा. सगळे लवकरात लवकर कसे संपतील? सगळ्या वेळांतला सर्वांत छोटा आकडा शोध. तो कापायचा असेल तर तो ब्लाउज सगळ्यात आधी, शिवायचा असेल तर सगळ्यात शेवटी. तो खोडून पुन्हा तेच. बोटावर होणारं काम आहे, आणि हेच उत्तर सर्वांत चांगलं हे सिद्ध झालेलं आहे.

ते पुस्तक संपलं की आयआयटी मद्रासचे प्रा. जी. श्रीनिवासन यांची ऑपरेशन्स रिसर्चवरची एनपीटेलची व्याख्यानं लाव, यूट्यूबवर आहेत. इंग्रजीत आहेत, पण माणूस फळ्यावर एकेक ओळ लिहीत शांतपणे जातो, आपल्यासारख्यांना कळतं. पहिल्यांदा ऐकताना काही डोक्यावरून जाईल. थांबव, त्यांचंच उदाहरण वहीत सोडव, मग पुढं जा. नुसतं बघत बसलीस तर ती सिरीयल होते.

संभाव्यता मात्र टाळू नकोस. रेघांचं गणित आपल्याला पटकन पटतं, पण "कधी येईल सांगता येत नाही" हे आकड्यात धरायला मन तयार नसतं. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या काट्यापुढं ट्रॅक्टर-टेम्पोची रांग तू बघतेसच. गाड्या मन मानेल तशा येतात, एखादीला वेळ कमी लागतो, एखादीला जास्त. काटा दिवसाचा ८० टक्के वेळ गुंतलेला असेल तर, साध्यातलं साधं सूत्र धरलं तरी, सरासरी ४ गाड्या काट्यावर आणि रांगेत मिळून असतात. ९० टक्के गुंतला की ९. आणि ९५ टक्के झाला की १९. मालकाला वाटतं काटा रिकामा राहत नाही, फायदा आहे. रांगेतल्या माणसाची रात्र ट्रॉलीवर जाते. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एरलांगनं टेलिफोनच्या कॉलवर हे गणित मांडायला सुरुवात केली १९०९ साली. आज कॉल सेंटर, टोल नाका, दवाखान्याची ओपीडी, सगळीकडं तेच चालतं. त्यासाठी सरासरी, विचलन, पॉयसाँ आणि नॉर्मल वितरण एवढं पक्कं हवं. मग मॅट्रिक्स. कॅल्क्युलस सगळ्यात शेवटी, आणि नोकरीपुरतं थोडंसं. पीएच.डी. करून नवीन पद्धती शोधायच्या असतील तर गोष्ट वेगळी, तिथं गणिताला पर्याय नाही. १९८४ साली बेल लॅब्समध्ये नरेंद्र करमरकरांनी रेषीय प्रोग्रॅमिंग सोडवायची नवी रीत काढली आणि जगभर नाव झालं. ग्वाल्हेरच्या मराठी घरातले, आयआयटी मुंबईचे. त्यांच्यासारखं व्हायचं तर माझा सल्ला घेऊन भागणार नाही. पण त्यांच्या रीतीवर चालणारं सॉफ्टवेअर वापरून गोडाऊनचा माल वेळेवर पोचवायला आपल्याला कुणी अडवत नाही.

आणि गणित येणाऱ्यांचंही कसं फसतं, ऐक. १९४७ साली सिम्प्लेक्स पद्धत काढणारे जॉर्ज डँटझिग. वजन वाढलं म्हणून डॉक्टरनं आहार सांभाळायला सांगितला, तर यांनी स्वतःच्या जेवणाचंच मॉडेल केलं. पोट भरल्यासारखं जास्तीत जास्त वाटावं, आणि त्यासाठी पदार्थाचं पाणी वगळून वजन धरायचं. कॉम्प्युटरनं उत्तर दिलं, ५०० गॅलन व्हिनेगर प्या! म्हणजे जवळपास १,९०० लिटर. व्हिनेगर काढून टाकलं तर पुढचं उत्तर आलं, सूपच्या खारट वड्या रोज २००. व्हिनेगरमधलं पाणी यादीत शून्य धरलं गेलं होतं, पण वड्यांच्या गणितात तसूभर चूक नव्हती. माणसाला किती खारट सोसतं ही अट कुणी घातलीच नव्हती, कारण ती कुणाला लिहावीशी वाटली नाही.

अशा अटी तुझ्यासारखीला दिसतात. शहरातला एखादा हुशार मुलगा आपल्याकडच्या शेतीकामाचं वेळापत्रक बनवेल आणि पोळ्याच्या दिवशी बैल औताला लावेल. वेचणीला बाया सोमवारी जास्त का येतात, बाजाराच्या दिवशी का येत नाहीत, पाऊस पडल्यावर पांदीतून टेम्पो का जात नाही, हे त्याच्या फाइलमध्ये नसतं. आमच्या ऑफिसात मी बोलायला लागले ती अशाच एका अटीवरून, सूत्रावरून नव्हे. या विषयाची सुरुवात झाली तेव्हाही असंच होतं. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये ब्लॅकेट या भौतिकशास्त्रज्ञानं विमानविरोधी तोफांसाठी जो गट जमवला त्यात गणिती होते, पण शरीरशास्त्रज्ञ होते, एक लष्करी अधिकारी होता आणि एक जमीन मोजणारा सर्वेअरसुद्धा होता.

कॉम्प्युटरकडं ये. लॅपटॉप नवा कोरा नको, चांगला वापरलेला चालतो. एक्सेलमध्ये सॉल्व्हर नावाची सोय असते, फुकट मिळणाऱ्या लिबरऑफिस कॅल्कमध्येही असते. वरचा ८ एकरांचा घोळ त्यात भर, ४ आणि ४ येतंय का बघ. आधी हातानं, मग सॉल्व्हरवर, हा क्रम मोडू नकोस. उत्तर कुठून येतं हे एकदा हातानं बघितलेलं असलं की कॉम्प्युटरनं वेडं उत्तर दिलं तर लगेच कळतं. मग पायथन शिक, आणि त्यात पल्प नावाचं पॅकेज. क आणि स च्या जागी ४० गोडाऊन आणि ३०० दुकानं आली की एक्सेल दमतं. कोड लिहिणं तुला जमेल की नाही याची मला काळजी नाही. तू टॅलीत एंट्री पडताळताना एक पैसा जुळला नाही तर जेवत नाहीस. कोडला हाच स्वभाव लागतो.

शिक्षणाचं स्पष्ट सांगते. आयआयटी मुंबईत इंडस्ट्रियल इंजिनीअरिंग अँड ऑपरेशन्स रिसर्च असा स्वतंत्र विभागच आहे. रेल्वेनं २०२० मध्ये झिरो-बेस्ड टाइमटेबल करायला घेतलं तेव्हा मदतीला आयआयटी मुंबईच होती. परतूरच्या फलाटावर गाडीची वाट बघशील तेव्हा आठव. पण त्या विभागात शिरायला अभियांत्रिकी नाहीतर गणित-संख्याशास्त्राची पदवी लागते, बी.कॉम.वर तो रस्ता सरळ नाही. तुझा जवळचा रस्ता एमबीए, ऑपरेशन्स किंवा सप्लाय चेन घेऊन. त्याला राज्याची एमबीए सीईटी आहे. उडी मोठी मारायची असेल तर कॅट देऊन पवईचं आयआयएम मुंबई. ते १९६३ पासून निटी म्हणून याच कामासाठी नावाजलेलं होतं, २०२३ मध्ये आयआयएम झालं. कॅटमधलं गणित दहावीच्या पुढचं फारसं नसतं, वेग मात्र जीव काढतो. आणि एक रस्ता नोकरी करता करता चालायचा, आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन बी.एस. पदवी. बारावी कुठल्याही शाखेतून चालते, दहावीला गणित-इंग्रजी असलं की झालं. आधी त्यांची क्वालिफायर परीक्षा पास व्हावी लागते. तिथं गणित आणि संख्याशास्त्र पहिल्यापासून शिकवतात. मला विचारशील तर तू आधी एक वर्ष साधी नोकरी कर आणि रात्री अभ्यास. एमबीएला नुसतं पुस्तक वाचून जाणारीपेक्षा गोडाऊनमध्ये उभी राहिलेली मुलगी जास्त शिकते. फीचं कर्ज अंगावर घेण्याआधी हे काम आपल्याला आवडतंय का तेही कळतं.

नोकरी शोधताना "ऑपरेशन्स रिसर्च" टाकून बघितलंस तर चार जाहिराती दिसतील आणि त्याही पीएच.डी. मागणाऱ्या. म्हणून नाउमेद होऊ नकोस. डिमांड प्लॅनर, सप्लाय चेन अॅनालिस्ट, प्रॉडक्शन प्लॅनिंग, इन्व्हेंटरी, लॉजिस्टिक्स, असं शोध. आणि सगळ्यांनी पुण्यालाच पळायचं असंही नाही. आपलं जालना काय आहे, कधी या नजरेनं बघितलंस का? बियाण्यांच्या कंपन्या बघ. बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ मध्ये महिको काढली तेव्हापासून जालना बियाण्याचं गाव झालं. आष्टीच्या कृषी केंद्राला सरकीच्या किती बॅगा द्यायच्या? कमी दिल्या तर गिऱ्हाईक दुसऱ्या कंपनीचं घेतं, जास्त दिल्या आणि पाऊस लांबला तर माल परत. आणि हे ठरवायचं पाऊस पडायच्या आधी. ऑपरेशन्स रिसर्चच्या पुस्तकात यावर अख्खं प्रकरण असतं, तिथं बियाण्याच्या जागी वर्तमानपत्र विकणारा पोऱ्या असतो एवढंच. पलीकडं एमआयडीसीत सळईचे कारखाने. भट्टीत भंगार किती, स्पंज आयर्न किती, आज कुठलं स्वस्त, आणि तरी सळई टेस्टला पास झाली पाहिजे. हे तर शंभर टक्के रेषीय प्रोग्रॅमिंग. तिथं आज ते कुणाच्या तरी अंदाजावर चालत असेल तर तुझ्यासाठी बरंच.

बाबांशी मी बोलते, पण तूही बोल. "करिअर करायचंय" असं म्हणू नकोस, ते ऐकून त्यांना पोरगी हातातून चालली असं वाटतं. यंदाचे खरे आकडे घेऊन बस. बियाणं, खत, फवारणी, वेचणीचा किलोमागचा दर, मागच्या तीन हंगामांचा उतारा. सॉल्व्हर लावून उत्तर दाखव आणि विचार, "यात काय चुकलं?" ते चार चुका काढतील. त्यांतल्या तीन बरोबर असतील, त्या अटी लिहून घे, पुन्हा सोडव. शेजारच्या त्या एकराचा ठोका यंदा किती सांगतात ते आधी काढ. मला वाटतं तो ५ हजारांच्या बराच वर असणार, तेव्हा आपले नफ्याचे आकडेही बदलून बघावे लागतील. सीईटीचा फॉर्म सुटला की भरायच्या आधी मला फोन कर. आणि पुढच्या वेळी व्हॉइस मेसेज स्टँडवरून पाठवू नकोस.